फवारणी : नाही

मंगळवार, ३

आला! शेवटी आला. सकाळी साडेसातला सात नंबरच्या वाफ्यात खालच्या पानांवर तीन काळपट डाग दिसले. पान उलटं केलं, तर डागाच्या कडेला पांढरी लव. करपा! मी तिथेच चिखलात गुडघे टेकून बसले आणि मोठ्यांदा हसले. मुकादमीणबाई खुरपं हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. बटाट्यावर रोग पडला म्हणून हसणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नसेल.

पण न हसून काय करू? अकरा वर्षं घालवून जंगली बटाट्यातलं एक जनुक आपल्या बटाट्यात बसवलं, करप्याला दाद देऊ नये म्हणून. मग शेतातली चाचणी तीन वर्षांची. पहिली दोन वर्षं हवा अशी कोरडी, की रोग फिरकलाच नाही. चोर आलाच नाही, तर कुलूप चांगलं कसं ठरणार? हे शेवटचं वर्ष. बारा वाफे आहेत. सहांत आमचा बटाटा, सहांत साधा, आणि कुठल्या वाफ्यात कुठला ते आमच्या संशोधन केंद्राच्या साहेबांच्या कपाटात पाकिटात बंद. औषध कशालाच मारायचं नाही. साधा सडला आणि आमचा तगला, की झालं काम. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नोंद, एकूण सहा नोंदी. त्यातली एक जरी बिघडली तरी चाचणी बाद. चोवीस तारखेला या बटाट्याच्या परवानगीसाठी समितीपुढे जनसुनावणी आहे.

आज पहिली नोंद केली. शेवटच्या रकान्यात, 'फवारणी' खाली, 'नाही' लिहिलं.

मुकादमीणबाईंनी विचारलं, "बाई, पंप काढू ना? मोरचूद आणि चुना दोन्ही आहे शेडमध्ये."

"अजिबात नाही."

"मग मरतील की झाडं."

"मरू देत."

"का पण?"

मी म्हटलं, तुम्ही तुमच्या कामाचं बघा. वाफ्यात हात घालणाऱ्याला काही सांगायचं नसतं. ज्याला माहीत नाही, तो कुणाची बाजू घेत नाही. हा नियम मी नऊ वर्षं पाळलाय आणि पुढेही पाळणार.

गुरुवार, ५

ताईचा फोन आला होता. तिच्या भाजीच्या दुकानात तिनं पाटी लावली आहे : 'आमच्याकडे बदललेला बटाटा मिळत नाही.' माझ्या सख्ख्या बहिणीनं! घरचा भेदी म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, "अगं, तो कुठेच मिळत नाही. माझ्या कुंपणाबाहेर एक बटाटा गेलेला नाही आजपर्यंत."

"ते मला काय माहीत? गिऱ्हाईक विचारतं, मग काहीतरी लिहावं लागतं. तू तरी कधी धड सांगितलंस, काय करतेस ते?"

"छापलेलं आहे सगळं. वाचा म्हणावं त्यांना."

"कुठं छापलंय?"

मी मासिकाचं नाव सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, "ते कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे मिळेल का गं?" मी फोन ठेवला. लहानपणापासून हिला माझी प्रत्येक गोष्ट हसण्यावारी न्यायची सवय आहे.

मंगळवार, १०

तिसरी नोंद. चार, सात आणि अकरा नंबर काळे पडले. पानं लोंबताहेत, वास सुटलाय. आणखी दोन वाफ्यांत डाग. बाकीचे सात वाफे ताठ उभे. आता पाकीट उघडायची गरजच काय, आंधळ्यालाही दिसेल.

दुपारी कुंपणापाशी तो निवृत्त शाळामास्तर उभा होता, गळ्यात कॅमेरा अडकवून. हा माणूस दर सभेत उठून आमच्याविरुद्ध बोलतो. आयुष्यभर भूगोल शिकवला, आता मला वनस्पतिशास्त्र शिकवतोय. तो नेमका सात नंबरचा फोटो काढत होता. मी ओरडले, "साधा आहे तो! तो आमचा नाही!" तो हात हलवून म्हणाला, "तुमच्याच कुंपणात आहे की, मॅडम." आणि सायकलवर टांग मारून गेला.

मुकादमीणबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "साधा म्हणजे कुठला?" मी सांगितलं नाही.

बुधवार, ११

फोटो छापला! गावभर वाटला. वर मोठ्या अक्षरांत : 'हा पाहा प्रयोगशाळेतला बटाटा. उद्या तुमच्या ताटात.' खाली माझ्या सात नंबरच्या वाफ्यातला तो बिचारा साधा, सरळ, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेला बटाटा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

ताईनं तो दुकानात काट्यामागे चिकटवलाय. मी स्वतः जाऊन फाडला. गिऱ्हाइकांसमोर. तिनं शांतपणे दुसरा काढला आणि तिथेच चिकटवला.

"दहा दिलेत त्यानं," ती म्हणाली. "तू पण दे ना काहीतरी. मी दोन्ही लावते शेजारी शेजारी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांचं संशोधन मी कांद्याच्या टोपलीवर लटकवू? हिच्या गिऱ्हाइकांसाठी चित्रं काढत बसू? मी म्हटलं, "गाढवापुढे वाचली गीता." एक म्हातारा पिशवी धरून उभा होता, तो म्हणाला, "वाचून तर बघा एकदा." सगळे हसले. मी तिथून निघाले. भाजी घ्यायची राहिली ती राहिलीच.

शुक्रवार, १३

चौथी नोंद. आता पाचही वाफे आडवे, सहाव्याला डाग लागलेत. इतकी सुंदर नोंद आजवर कुणाच्या वहीत झाली नसेल.

आणि आज साहेबांनी बोलावलं. तो फोटो त्यांच्या टेबलावर. म्हणाले, "सुनावणीच्या आधी समिती शेत बघायला आली तर? जरा औषध मारून घ्या. नीटनेटकं दिसू दे."

मी म्हटलं, "नीटनेटकं दिसलं की चाचणी मेली, साहेब. सडणं हाच पुरावा आहे."

"लोकांना पुरावा नको असतो, हिरवं हवं असतं."

उंटावरून शेळ्या हाकणारे लोक! चाचणी काय असते ते हे खुर्चीत बसल्याबरोबर विसरले. मी सांगितलं, औषधाचा एक थेंब पडला तर त्याच दिवशी राजीनामा टेबलावर ठेवेन. त्यांनी तो फोटो फाइलीत सरकवला. मी जिंकले.

शेडमध्ये मुकादमीणबाई हात धूत होत्या. म्हणाल्या, "आमच्या गल्लीत मला विचारतात, काय हो, तुमच्या हाताखाली झाडं सडायला लागली? मी काय सांगू?"

"काही सांगू नका."

"मी आयुष्यात कधी झाड सडू दिलं नाही, बाई."

"माहीत आहे मला," असं म्हणून मी दार लावून घेतलं. एवढ्याशा गोष्टी मनाला लावून घ्यायला मला वेळ नाही.

सोमवार, १६

कसं लिहू? 

सकाळी फाटक उघडलं आणि लांबूनच दिसलं. बाराही वाफ्यांवर निळसर पांढरे शिंतोडे. आडवे झालेले, उभे राहिलेले, सगळे. मोरचूद आणि चुना. अगदी व्यवस्थित, पानाच्या खालून-वरून, एक पान न चुकवता. असं काम नऊ वर्षांत इथे एकच माणूस करत आलंय.

ती शेडपाशी उभी होती, पंप धुऊन पालथा घातलेला. लपवलंसुद्धा नाही! उलट चेहऱ्यावर असं, की आता बाई खूश होणार. म्हणाली, "काल सुट्टी होती ना, सकाळी येऊन मारून गेले. सगळ्यांनाच मारलं. कुठले आपले ते मला माहीत नाही, मग म्हटलं, भेदभाव नको."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुला कुणी सांगितलं होतं, तुझ्या डोक्यात काय भरलंय, अकरा वर्षं तू एका सकाळीत मातीत घातलीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिला अगं-तुगं केलं. कामावरच्या बाकीच्या पाच बायका बांधावर उभ्या राहून ऐकत होत्या.

ती म्हणाली, "लोक तुम्हाला वाईट बोलत होते. मला बघवेना."

मी म्हटलं, "चालती हो."

तिनं खुरपं भिंतीला टेकवलं, रबरी बूट काढून जागेवर ठेवले, स्वतःच्या चपला घातल्या आणि गेली. एवढी शांत, की त्याचाच मला जास्त राग आला. अंगावर आली असती तर बरं झालं असतं.

राजीनामा? कसला राजीनामा? मी साहेबांना धमकी दिली होती, मुकादमीणीला नाही.

मंगळवार, १७

साहेब वाफे बघून गेले. त्यांना शिंतोडे दिसले, तेवढं तरी शिक्षण त्यांचं झालेलं आहेच. पण म्हणाले, "छान. आता नवीन फुटवे येतील. कुणी मारलं, कधी मारलं, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. पाऊस आला की धुऊन जाईल."



पाचवी नोंद करायला वही उघडली. सगळं भरलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग मी विचार केला. पहिल्या चार नोंदींत फरक स्वच्छ दिसतोय. औषधामुळे साधा बटाटा थोडा सावरेल, म्हणजे फरक उलट कमीच दिसेल. लबाडी माणूस फायद्यासाठी करतो. ज्यात माझाच तोटा आहे, ती लबाडी कशी म्हणायची? आणि खरं लिहिलं तर कुणाचं भलं होणार? त्या भूगोलवाल्याचं! एका अडाणी बाईच्या चुकीची शिक्षा सगळ्या शेतकऱ्यांनी का भोगायची?

'नाही' लिहिलं.

शुक्रवार, २०

सहावी नोंद. नाही.

पाच बायकांचं काम संथ चाललंय. कुणी माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं हो-नाही. गरज काय मला त्यांच्या बोलण्याची?

मंगळवार, २४

संध्याकाळ. आत्ताच घरी आले. आज घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायला हवं.

गावाच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. मंचावर समितीचे पाच जण, मधे अध्यक्षा, त्यांच्यापुढे माझी नोंदवही. ताई शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी वीस मिनिटं बोलले. पडद्यावर आलेख दाखवले, आकडे दाखवले. समोर एकजण ढाराढूर झोपला होता. मग मास्तर बोलला. त्यानं तो फोटो भिंतीएवढा करून दाखवला आणि एक आकडा सांगितला नाही, तरी टाळ्या त्याला.

मग अध्यक्षा म्हणाल्या, श्रोत्यांपैकी कुणाला विचारायचंय का. मागून चौथ्या रांगेत एक हात वर झाला. ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून, ती उभी राहिली. मुकादमीण.

"मी त्या शेतावर नऊ वर्षं काम केलं," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात मला काढलं. पंधरा तारखेला मी सगळ्या वाफ्यांना औषध मारलं म्हणून. मला एवढंच विचारायचंय, औषध का मारायचं नव्हतं?"

 अध्यक्षांनी माझी वही उघडली, बोट फिरवलं. "इथे तर सहाही वेळा 'नाही' लिहिलंय."

 तेवढ्यात साहेबांनी माईक घेतला. गुळगुळीत आवाजात म्हणाले, "या बाईंना बेशिस्तीसाठी काढलेलं आहे. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. फवारणी वगैरे काही झालेलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना यातलं कळत नाही."

लोक हसले. मास्तरसुद्धा हसला, तो गरिबांचा कैवारी! आणि ती उभीच होती, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. माझ्याकडे बघत होती. अहो, त्या बाईनं एक पान न चुकवता औषध मारलं होतं, आणि हा माणूस म्हणतो काही झालंच नाही! माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि साहेबांच्या हातातून माईक ओढून घेतला.

"खोटं आहे," मी म्हटलं. "मारलं होतं औषध."

मग मी सांगितलं. आलेख नाही, आकडे नाही, रागाच्या भरात जे तोंडाला येईल ते. साधा बटाटा आणि आमचा बटाटा शेजारी शेजारी लावायचा. दोघांनाही उघड्यावर सोडायचं. साधा मेला आणि आमचा जगला, तर तो स्वतःच्या जोरावर जगला असं म्हणता येतं. औषध पडलं की दोघंही जगणार, मग कोण कशाच्या जोरावर जगला ते देवालाच ठाऊक. तुमच्या त्या फोटोत जो सडलाय, तो तुम्ही रोज खाता तोच आहे. त्याला सडू द्यायचं होतं. म्हणून औषध नको होतं. आणि माझ्या मुकादमीणबाईंनी बाराही वाफ्यांना औषध मारलं, म्हणून ही चाचणी आता बाद आहे.

झोपलेला माणूस जागा झाला होता. भिंतीवरच्या घड्याळात मी बघितलं, चार मिनिटं झाली होती. पुढच्या रांगेतला एकजण शेजारच्याला म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच होय!"

अध्यक्षांनी विचारलं, "मग वहीत 'नाही' कसं?"

मी म्हटलं, दुरुस्ती करायची राहून गेली.

त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, चाचणी रद्द, परवानगी नाही, नव्यानं अर्ज करावा. अकरा वर्षं आणि वर आणखी तीन. बाहेर येताना दोघातिघांनी मला वाट करून दिली. मास्तरानं मान खाली घातली. ताई म्हणाली, "आज पहिल्यांदा कळलं गं मला." साहेबांच्या गाडीचं दार तेवढं मोठ्यानं लागलं.

सगळं गेलं. पण आज मी सगळ्या गावासमोर खरं बोलले, वरिष्ठाच्या हातातून माईक घेऊन. हे कुणाला जमलं असतं?

बुधवार, २५

साहेबांची नोटीस, तीन पानी. वाचली आणि ठेवून दिली.

ताईनं फोटो काढलाय. पाटी मात्र तशीच आहे. म्हणे, "मिळत नाही हे तर खरंच आहे ना?"

सोमवारी वाफे उपटून जाळायचे आहेत, मुळासकट, नियमाप्रमाणे. उद्या मुकादमीणबाईंकडे जाते. झालं गेलं विसरून त्यांना परत बोलवीन. चूक कुणाकडूनही होते. मनाचा मोठेपणा दाखवायला मी कधी मागे हटलेले नाही.

गुरुवार, २६

गेले होते. दोन खोल्या, दारात चपला ओळीनं लावलेल्या, खिडकीत डब्यांमधून लावलेली रोपं, एकाही पानाला डाग नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

मी म्हटलं, "मुकादमीणबाई, सोमवारपासून या कामावर. साहेबांचं मी बघते. तुमची चूक मी मनात ठेवलेली नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

"आणि औषध का मारायचं नव्हतं, ते आता कळलं ना?"

"कळलं. सोपं होतं की." मग म्हणाल्या, "मारायच्या आधी कळलं असतं तर मारलं नसतं."

हे मला अपेक्षितच होतं, त्याचं उत्तर तयार होतं. नियम असतो, वाफ्यात काम करणाऱ्याला माहिती दिली तर पक्षपात होतो, वगैरे. मी सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.  माझं संपल्यावर म्हणाल्या,

"बाई, एक विचारू? तुम्ही सभेत म्हणालात, वहीत लिहायचं राहून गेलं."

"हो."

"राहून गेलं होतं का?"

मी दारात ओळीनं लावलेल्या चपला मोजल्या.

"तुम्ही वीस मिनिटं बोलत होतात. मी वाट बघत होते, आता सांगतील, आता सांगतील. मग हात वर केला." त्या खिडकीतल्या एका रोपाचं पिवळं पान खुडून हातात चुरगळत होत्या. "मी मारलं ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

मला संताप आला. इतका, की कानशिलं गरम झाली. साहेबांवर ओरडले असते, मास्तरावर ओरडले असते, ताईवर तर रोजच ओरडते. या बाईवरही दहा दिवसांपूर्वी पाच जणींसमोर ओरडून झालं होतं. मी तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. ओरडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

"सोमवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सातला," मी म्हटलं.